दश्शी कुणाच्या हाताला? : मेंढीकोटच्या नियमपुस्तिकेची प्रस्तावना

मेंढीकोट कुणी कुणाला शिकवत नाही, तो बघून बघून येतो, असे आपण धरून चालतो. त्यात बरेच तथ्य आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी जेवणे उरकली की सतरंजी पसरायची, पत्त्यांचा कॅट निघायचा आणि चार मोठी माणसे समोरासमोर बसायची. मुले मागे बसून कुणाच्या तरी खांद्यावरून पाने बघायची. मध्येच बोलले की ओरडा खायचा. मग एखाद्या दिवशी चौथा भिडू झोपून जायचा किंवा त्याला दुकानावर जावे लागायचे, आणि मागे बसलेल्यापैकी एकाला पुढे सरकायला सांगितले जायचे. नियम त्याला तोवर ठाऊक झालेले असत. डावपेच मात्र कुणी उलगडून सांगत नसे. पान चुकले तर भिडू नुसता बघायचा, आणि त्या बघण्यावरून काय ते समजून घ्यायचे.

अशा शिकण्याला घर लागते. तेच घर, तीच माणसे, वर्षानुवर्षे तीच सुट्टी. घर बदलले की हे शिकणे अडते, आणि ही पुस्तिका लिहावी लागली ती त्यामुळेच.

वाघोलीत राहणाऱ्यांना हे फोड करून सांगायची गरज नाही. नगर रस्त्यावरचे हे गाव हवेली तालुक्यातले. वाघेश्वराचे देऊळ आणि मराठा सरदार पिलाजी जाधवरावांची समाधी ही इथली जुनी ओळख. पुढे दगडखाणी आल्या, खाणीत काम करणारी कुटुंबे आली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची शेकडो मुले शिक्षणासाठी इथे आणली गेली. मग खराडीच्या कंपन्यांमुळे उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि ३० जून २०२१ रोजी आसपासच्या बावीस गावांसह वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. आज इथल्या एका जिन्यावर जळगाव, सोलापूर, बीड, बेळगाव अशी दारे शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्याच शेजारी कानपूर आणि राजकोटही. प्रत्येकाने आपल्या घरचा खेळ बरोबर आणला आहे. मात्र चार वेगवेगळ्या घरची माणसे एका सतरंजीवर बसली, की पहिल्याच डावात वाद होतो.

तो वाद ऐकण्यासारखा असतो. झाकलेला हुकूम उघडायला सांगितला, तर सांगणाऱ्याने हुकमाचेच पान टाकले पाहिजे का? एका घरात टाकलेच पाहिजे, दुसऱ्या घरात त्याची मर्जी. झाकून ठेवलेले पान उघडल्यावर मालकाच्या हातात परत जाते की त्याच हातात पडते? चारही मेंढ्या घेतल्या तर एक कोट धरायचा की दोन? हरलेल्याने पिसत राहायचे ते कुठवर? कानपूरकडचा शेजारी सांगतो की आमच्याकडे याला दहला पकड म्हणतात, आणि जिंकलेला हात लगेच उचलायचा नसतो. एकाच माणसाने लागोपाठ दोन हात जिंकले तरच मधला ढीग त्याचा, तोवर पाने तिथेच साठत राहतात. गुजरातेतल्या घरी हाच खेळ मिंडी म्हणून खेळतात आणि तो आपल्या खेळाच्या फार जवळचा आहे. यातला कुठलाही नियम चुकीचा नाही. प्रत्येक नियमाने खेळाची चाल थोडी बदलते, म्हणून पाने वाटण्याआधी तो ठरलेला असावा, इतकेच. कोणता नियम बदलला की खेळात काय बदलते, हे पुस्तिकेच्या पहिल्या भागात सांगितले आहे.

ज्यांनी हा खेळ कधीच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा सांगाडा इथेच देतो. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू. बावन्न पाने, प्रत्येकाला तेरा. आधी पाच-पाच, मग चार-चार, मग पुन्हा चार-चार अशी वाटायची. एक्का सर्वांत मोठा, त्याखाली राजा, राणी, गुलाम, दश्शी, आणि असे उतरत दुर्रीपर्यंत. ज्याची उतारी असेल त्याने हवे ते पान टाकायचे. बाकीच्यांनी तोच रंग द्यायचा. रंग नसेल तरच दुसरे पान टाकायचे किंवा हुकमाने कापायचे. हातात सर्वांत मोठे पान किंवा सर्वांत मोठा हुकूम ज्याचा, हात त्याचा, आणि पुढची उतारीही त्याचीच. इथवर हा खेळ जगातल्या अनेक खेळांसारखा आहे. मेंढीकोटला वेगळे करते ती दश्शी. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीच्या हातांत तीन किंवा चार मेंढ्या आल्या, ती जोडी जिंकली. दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात करणारी जोडी जिंकते. चारही आल्या तर कोट. तेराच्या तेरा हात आले तर बावन्नी, आणि तिची आठवण घरात पुढची कित्येक वर्षे निघत राहते.

हुकूम ठरवायच्या दोन मुख्य रीती आहेत. बंद हुकमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू आपल्या पानांतून एक पान पालथे झाकून ठेवतो. कुणाला रंग देता आला नाही आणि त्याने विचारले, की ते उघडते. कट हुकमात आधी हुकूमच नसतो. ज्याला पहिल्यांदा रंग देता येत नाही, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. माझे मत स्पष्ट आहे: शिकणाऱ्याने बंद हुकमाने सुरुवात करावी आणि खेळ अंगवळणी पडला की कट हुकमाकडे वळावे. कट हुकमात पहिली दोन-तीन पाने टाकतानाच पुढचा सगळा डाव ठरत असतो, आणि नवख्याला ते दिसत नाही.

इतका साधा खेळ, आणि त्याची पुस्तिका कशाला, असे कुणी विचारले तर मी सावंतवाडीकडे बोट दाखवीन.

आपल्याकडे पत्ते युरोपीय लोकांबरोबर आलेल्या बावन्न पानांच्या कॅटाच्या फार आधीपासून होते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा, म्हणजे त्या काळचे पत्ते, पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मराठी मुलखात या गोल पानांना दशावतारी रूप मिळाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण एकशेवीस. त्यातला एक नियम मला फार सुंदर वाटतो. पाच रंगांत दहा मोठा आणि एक लहान. उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलट, प्रधानाखाली एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. दिवसा खेळ सुरू झाला तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याने. या खेळात हुकूम नाही. कुठल्या रंगात कोणती पाने गेली आणि आता राजा कोण उरला, हे दहाही रंगांत लक्षात ठेवणे हाच खेळ.

विसाव्या शतकात ही पाने रंगवणारे हात संपत आले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात ती कला पुन्हा उभी केली, तरुण कारागीर तयार केले. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर लाखेच्या गंजिफा रंगवताना दिसतात, आणि त्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मुंबईत अनेक वर्षे राहिलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांनी या पानांचा मोठा संग्रह केला आणि अभ्यास मांडला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८२ साली त्यांचे गंजिफांवरचे पुस्तक काढले. एवढ्या सगळ्यांनी जीव लावला म्हणून पाने वाचली. ती भेट म्हणून दिली जातात, भिंतीवर चौकटीत लागतात. पण ती घेणाऱ्यांपैकी डाव मांडून खेळू शकेल असा माणूस क्वचित भेटतो. राजवाड्याच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो ठेवूनच म्हणतो की पाने सांभाळणे आणि खेळ सांभाळणे ही दोन निराळी कामे आहेत. गंजिफांच्या बाबतीत पहिले झाले, दुसरे हातून निसटले. मेंढीकोटची पाने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, म्हणून तो खेळ सुरक्षित आहे असे मानणे हीच चूक आपण पुन्हा करू.

याउलट उदाहरण व्हिस्टचे आहे. मेंढीकोट ज्या कुळातला, त्याच कुळातला हा इंग्रजी खेळ. एडमंड हॉइल नावाचा एक शिक्षक लंडनमध्ये सधन लोकांना व्हिस्ट शिकवायचा. त्याने १७४२ साली त्या खेळावर एक छोटे पुस्तक छापले. वाघोलीच्या पिलाजी जाधवरावांच्या हयातीतलीच ही गोष्ट. पुस्तकात नियम थोडे आणि कसे खेळावे याचा विचार जास्त: अमुक पाने हातात असताना भिडूकडे तमुक पान असण्याची शक्यता किती, याची गणिते. ते हातोहात खपले, त्याच्या चोरून छापलेल्या आवृत्त्या निघाल्या. पुढे व्हिस्टमधून ब्रिज निघाला. १९२५ साली हॅरोल्ड व्हँडरबिल्टने काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या दोन भारतीयांनी ब्रिजचे सुवर्णपदक मिळवले. बर्धन तेव्हा साठीचे होते. दिवाणखान्यातला खेळ लिहिला गेला, म्हणून तो अनोळखी माणसांना एकमेकांशी खेळता आला. मेंढीकोटने स्पर्धेत जावे असे मला वाटत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बीडच्या आजींना आणि सातव्या मजल्यावरच्या जळगावच्या मुलाला भिडू होता यावे, एवढे मात्र वाटते.

आता डावपेचांकडे येतो. पुस्तिकेचा दुसरा भाग सगळा त्यासाठी आहे, आणि मला स्वतःला जास्त जिव्हाळा त्याचाच.

मेंढीकोट नशिबाचा खेळ आहे असे म्हणणारे लोक दश्श्या कशा वाटल्या जातात हे मोजत नाहीत. मोजून पाहू. तेरा पानांत एकही मेंढी न येण्याची शक्यता सुमारे ३० टक्के, एक येण्याची ४४, दोन येण्याची २१, तीन येण्याची ४ टक्के. चारही एकाच हातात येणे शंभरातही एकदा होत नाही, तीनशे-ऐंशीच्या आसपास एकदा होते. जोडीचा विचार केला तर चित्र आणखी बोलके आहे. दोन्ही जोड्यांकडे दोन-दोन मेंढ्या आल्या असे ३९ टक्के डावांत होते, तीन-एक असे ५० टक्के डावांत, आणि चारही एकाच जोडीकडे आल्या असे फक्त ११ टक्के डावांत. म्हणजे नऊ डावांत एकदाच वाटपाने कोटाची आयती संधी येते, आणि तीही सांभाळून घरी आणावी लागते. एरवी जो कोट होतो तो समोरच्याची मेंढी काढून घेऊन. आणि निम्म्या डावांत एका जोडीकडे एकच मेंढी असते, तरीही ती जोडी अनेकदा जिंकते. हे सगळे खेळून होते.

दश्शी हे अवघडलेले पान आहे. तिच्यावर एक्का, राजा, राणी, गुलाम अशी चार पाने आहेत, म्हणून ती स्वतःच्या बळावर क्वचितच हात करते. ती सुटते तीन प्रकारे: भिडूच्या मोठ्या पानाखाली, वरची पाने निघून गेल्यावर, किंवा आपण शेवटचे असू आणि तोवर तिच्याहून मोठे पान पडलेले नसेल तेव्हा. यातला पहिला मार्ग सर्वांत जास्त उपयोगी, आणि त्यासाठी एक गणित पाठ असावे.

कोणत्याही रंगाची पहिली फेरी खेळली तर चौघांकडेही तो रंग असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. दुसऱ्या फेरीपर्यंत चौघेही रंग देतील याची शक्यता ६४ टक्क्यांवर येते. आणि तिसऱ्या फेरीत? तिन्ही फेऱ्यांना चौघांनी रंग द्यायचा, तर त्या रंगाची तेरा पाने चार-तीन-तीन-तीन अशीच वाटली गेलेली हवीत, आणि तसे वाटप जेमतेम साडेदहा टक्के वेळा होते. पंचाण्णव, चौसष्ट, दहा. मेंढीकोटमधली निम्मी शहाणपणाची खेळी या तीन आकड्यांतून निघते. भिडूने बदामाचा एक्का उतरला आणि तुमच्याकडे बदामाची दश्शी आहे, तर ती तिथेच टाकायची. दुसऱ्या फेरीला भिडू राजा उतरेल तेव्हा टाकू म्हणून थांबलात, तर कापले जाण्याची भीती तिपटीहून जास्त वाढते. तिसऱ्या फेरीची वाट बघणे म्हणजे मेंढी समोरच्याला देऊन टाकणे. घरोघरची जुनी माणसे हे आकडे जाणत नव्हती, पण ‘पहिल्याच घासाला दे’ म्हणायची. माझी आजी नेवाशाकडची, कधी शाळेत न गेलेली, चिंचोके मांडून कोट मोजायची. तिने एक्क्याखाली दश्शी कधी मागे ठेवली नाही.

याच आकड्यांची उलटी बाजू शिकारीची. तुमच्याकडे एखाद्या रंगाचा एक्का आणि राजा दोन्ही आहेत आणि त्या रंगाची दश्शी दिसलेली नाही. तर ती समोरच्या कुणाकडे एकटी किंवा एखाद्याच पानाच्या सोबतीने असू शकते. एक्का उतरा, मग राजा. ज्याच्याकडे ती कोरडी आहे त्याला ती टाकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तुमच्या भिडूकडे असेल तर तो ती आनंदाने देईल. दोन्हींत फायदाच आहे. मात्र एक्का आणि दश्शी तुमच्याच हातात असतील तर एक्का उतरून पाठोपाठ दश्शी उतरू नका. राजा, राणी, गुलाम अजून बाहेर आहेत. एक्का उतरा, दश्शी धरून ठेवा, आणि भिडूला तो रंग परत आणू द्या.

बसण्याची जागा हा विषय नवखे लोक पूर्ण विसरतात. हातात चौथे पान टाकणारा सर्वांत सुखी, कारण तीन पाने त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. नव्वी सर्वांत मोठी पडलेली असेल तर त्याची दश्शीच हात करते आणि मेंढीही घरी येते. दुसऱ्याने बहुधा लहान पान टाकावे, कारण त्याचा भिडू अजून मागे आहे. तिसऱ्याने भिडूचे पान लहान असेल तर मोठे टाकून हात ओढावा. आणि आपल्या डावीकडे, उजवीकडे कोण बसले आहे हे लक्षात घेऊन उतारी करावी. तुमच्यानंतर लगेच खेळणाऱ्याकडे एक्का आहे असा संशय असेल तर त्या रंगाकडे जाऊ नये. तो खेळणारा शेवटचा असेल तर जाण्यात अर्थ आहे, कारण तुमच्या भिडूला मध्ये विचार करायला वाव मिळतो.

बंद हुकूम निवडताना लांबी बघावी, उंची नंतर. एक्का-राजा अशी दोनच पाने असलेला रंग हुकूम करण्याचा मोह होतो. ती दोन पाने हुकूम नसतानाही बहुधा हात करतीलच. त्यापेक्षा पाच बारीक पाने असलेला रंग झाकला, तर कापायला तीन-चार वेळा ती कामी येतात. तुम्ही आणि भिडू मिळून हुकमाची आठ पाने असतील, तर समोरच्यांची पाच पाने तीन-दोन अशी पडण्याची शक्यता ६८ टक्के असते, चार-एक अशी २८ टक्के. म्हणजे हुकमाच्या तीन फेऱ्या ओढल्या तर तीनपैकी दोन वेळा समोरचे दोघे हुकमाविना उरतात, आणि मग तुमचे एक्के निर्धास्त चालतात. मात्र हुकमाचीच दश्शी तुमच्याकडे एकटी असेल तर ओढाओढी करू नका. ती कापायला वापरा. कापताना टाकलेली दश्शी आणि तिच्याखालची समोरच्याची मेंढी एकाच हातात दोन मेंढ्या आणते, आणि असा हात डाव फिरवतो.

आठवणीबद्दल लोक उगाच घाबरतात. बावन्न पाने लक्षात ठेवायची गरज नाही. सुरुवातीला हुकमाची तेरा आणि चार दश्श्या एवढेच मोजावे. तेही पडलेली पाने मोजून नव्हे, उरलेली मोजून. तुमच्याकडे हुकमाची चार आहेत, तर बाहेर नऊ. एका फेरीत तिघांनी हुकूम दिला, बाहेर सहा. कुणी कापले, बाहेर पाच. एवढा एकच आकडा मनात फिरत ठेवायचा. तो अंगवळणी पडला की दुसरा रंग घ्यावा. शाळकरी मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमते. आणि हात मोजायला विसरू नये. मेंढ्या दोन-दोन झाल्या की सातवा हात डाव जिंकतो, आणि त्या वेळेस ‘आपले किती झाले?’ असे विचारणाऱ्याने आपल्या भिडूला वाऱ्यावर सोडलेले असते.

भिडूशी बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, पान जोरात किंवा हळू आपटून काही सुचवायचे नाही. हा नियम पुस्तिकेत जाड अक्षरांत छापला आहे, आणि त्यावर मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही. मेंढीकोटचा जीव त्या शांततेत आहे. भिडूला सांगायचे ते पानातूनच सांगता येते. तुम्ही ज्या रंगाचे सर्वांत लहान पान पहिल्यांदा टाकून देता, त्या रंगात तुम्हाला रस नाही हे त्याला कळले पाहिजे. तुम्ही एक्का असूनही उतरला नाही, तर तुम्ही कशाची तरी वाट बघता आहात हे त्याने ओळखावे. चाळीस वर्षे संसार केलेली जोडपी एकत्र बसली की ही ओळख काय असते ते दिसते. आमच्याकडे अशा जोड्यांना मुद्दाम समोरासमोर बसू दिले जात नसे.

पैशांबद्दल एवढेच. पत्ते म्हटले की काही घरांत अजूनही कपाळावर आठी उमटते, आणि त्या आठीमागे कुणाच्या तरी आयुष्याचे खरे नुकसान असते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि कौशल्याच्या खेळाला तो वगळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीच्या खटल्यात म्हटले की पडलेली पाने लक्षात ठेवणे आणि कोणते धरायचे, कोणते टाकायचे हे ठरवणे यात कौशल्य आहे. तीनपत्तीसारख्या निव्वळ नशिबाच्या खेळापासून न्यायालयाने रमीला वेगळे काढले. मेंढीकोटला हेच कारण जास्त जोराने लागू पडते. तरीही या पुस्तिकेतला खेळ पैशाविना खेळायचा आहे. कोटाचा हिशेब चिंचोक्यांत किंवा पाटीवर ठेवा.

लहान मुलांना थेट मेंढीकोटला बसवू नका. आधी गुलामचोर, म्हणजे पाने हातात धरता येतात आणि जोड्या दिसू लागतात. मग बदाम सात, त्यात रंग आणि क्रम पक्के होतात. त्यानंतर तिघांचा पाच-तीन-दोन: आठ्यांपासून वरची अठ्ठावीस पाने आणि दोन सत्त्या अशी तीस पाने, प्रत्येकाला दहा. त्यात हुकूम, उतारी, कापणे सगळे येते आणि आपल्याला किती हात करायचे हे आधीच ठरलेले असते. ज्याला पाच-तीन-दोन येतो, त्याला मेंढीकोट एका दुपारी येतो. सहा माणसे असतील तर चारही दुर्र्या काढून अठ्ठेचाळीस पाने ठेवा, तिघे विरुद्ध तिघे, आठ-आठ पाने. हा प्रकार जरा सैल आहे, पण सणाला घर भरलेले असताना कुणाला बाजूला बसवावे लागत नाही.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. पहिले काही डाव चौघांचीही पाने उघडी मांडून खेळा. प्रत्येक पान टाकताना का टाकले ते बोलून दाखवा. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे केले नाही, कारण त्यांच्याकडे वेळ होता आणि मागे बसणारी मुले होती. आपल्याकडे दोन्ही कमी आहे.

पुस्तिकेच्या शेवटी काही पाने कोरी ठेवली आहेत. तुमच्या घरी हुकूम कसा ठरायचा, कोट कसा मोजायचा, पिसणे कुणाकडे जायचे, हे तिथे लिहा. कुणाकडून शिकलात आणि ते कुठल्या गावचे, तेही लिहा. घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल तर आधी त्यांना विचारा, आणि हे काम येत्या सुट्टीपर्यंत लांबवू नका.